चिंचेने धुतलेली लढाई

किसन हवालदार गेले हे मला पोस्टकार्डाने कळलं, तेही नऊ दिवसांनी. धामणगाव बढ्याच्या शाळेत मी ओसरीवर बसून पाचवीच्या वह्या तपासत होतो. पोस्टमनने कार्ड पुढे केलं, त्याचा एक कोपरा फाडलेला होता. असं कार्ड हातात आलं की माणूस वाचण्याआधी मनातल्या मनात म्हातारी माणसं मोजतो. मीही मोजली... आई, आत्या, जालन्याचे मामा. हवालदार माझ्या मोजणीत नव्हते. त्यांच्या मुलाने चार ओळी लिहिल्या होत्या. बाबा ताप येऊन गेले, दोन दिवसांत सगळं आटोपलं, जलदानविधी अमुक दिवशी आहे, आईने कळवायला सांगितलं. विधीचा दिवस कालच होऊन गेला होता. मी कार्ड फाडलं, उरलेल्या वह्या तपासल्या, घरी जाऊन पोटभर जेवलो. हे मुद्दाम लिहितो, कारण मेलेल्या माणसावर लिहिताना लोक आपल्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहितात. माझ्या उतरला. मागची आठ वर्षं मी त्यांच्या बाबतीत बरंच काही असंच गिळत आलो होतो, त्यात आणखी एका जेवणाचं काय?

त्यांच्या गावाचं नाव लिहीत नाही. सुलतानपूरकडून देऊळगाव राजाला जाताना सडकेला लागून एक टेकडी दिसते, टेकडीवर एक घडीव दगड उभा आहे, गावाचं नाव त्या दगडावर कोरलेलं आहे. ज्याला हवं त्याने बसमधून मान वळवून वाचावं. निजामाच्या वेळी ह्या शिवारात मोठी लढाई झाली असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. कोण कोणाशी लढलं हे मात्र दहा जण दहा प्रकारे सांगतात. नांगराला कधी लोखंडी गोळा लागतो, कधी घोड्याची नाल. बायका त्या गोळ्यांनी मीठ-मिरची वाटतात. मी तिथे मास्तर म्हणून गेलो तेव्हा नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, सगळीकडे काहीतरी उभारायची हौस होती, आणि माझं वय अठ्ठावीस होतं.

हवालदारांना मी पहिल्यांदा पाहिलं ते हरभरा निघालेल्या एका वावरात. डोक्याला कान झाकणारी दोन काळी झाकणं, पाठीवर खोकं, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. ती चकती जमिनीवरून डावी-उजवी फिरवत हा उंच माणूस एकेक पाऊल टाकत होता. बांधावर अर्धं गाव बसलं होतं. मी विचारलं तर एक जण म्हणाला, "किसन्या धन हुडकून राह्यला, गुरुजी. मिलिटरीतून चोरून आनलं ते मशीन." मशीन चोरलेलं नव्हतं. मागच्या महायुद्धात ते सुरुंग काढणाऱ्या पलटणीत होते, परदेशातल्या वाळूत त्यांनी चार वर्षं जमिनीत लपवलेलं मरण काढलं होतं. सुटून आल्यावर औरंगाबादला जुन्या लष्करी सामानाच्या दुकानात हे यंत्र त्यांना मोडक्या अवस्थेत दिसलं. त्यांनी ते आणलं, महिनाभर खटपट करून चालू केलं. रेडिओच्या बॅटऱ्यांवर ते चालायचं. गावाने त्याचं नाव कानपेटी ठेवलं होतं. जमिनीखाली लोखंड-शिसं आलं की कानातली गुणगुण चढायची. मग ते थांबायचे, गुडघ्यावर बसायचे आणि लोखंडी सळई मातीत हळूच तिरपी सारायचे.

त्या दिवशी खोदल्यावर निघाली अर्धी नाल. बांधावरून कोणीतरी ओरडलं, "खोदा पहाड, निकला चूहा." सगळे हसले, हवालदारही हसले. त्यांनी ती नाल झाडली नाही, पुसली नाही. खिशातून एक फडका काढला, नाल तिच्या मातीसकट त्यात ठेवली, पेन्सिलीने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती आत टाकली आणि पुरचुंडी बांधली. मग खालच्या नाल्याकाठच्या एका खडकाकडे तोंड करून पावलं मोजत गेले, मोजत परत आले आणि वहीत लिहिलं. मला ह्या माणसात पहिल्यांदा गोडी वाटली ती त्या मोजण्यामुळे. मास्तर माणूस, मला वही दिसली की सज्जनपणा दिसतो.

गावात सगळे त्यांना अरे-तुरे करत. ते बौद्धवाड्यातले. मी त्यांना अहो-जाहो करायचो, आणि मी करतो ह्याचं मला स्वतःला फार कौतुक होतं. आमची मैत्री झाली, ते माझ्या घरी येऊ लागले. पहिल्यांदा आले तेव्हा आईने मला पितळी पेल्यात चहा दिला आणि त्यांना कान तुटलेल्या कपात, जो एरवी कोनाड्यात पालथा असायचा. मी पाहिलं. मी काही बोललो नाही. त्यांनी शांतपणे चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. दुसऱ्या खेपेला येताना त्यांनी पिशवीतून स्वतःचा पत्र्याचा मग आणला. "मिलिटरीची सवय हाय, माय," ते आईला म्हणाले, "दुसऱ्या भांड्यात चहा गोडच नाई लागत." आई खूश झाली. मीही सुटलो. पुढे पाच वर्षं ते तो मग घेऊन येत राहिले, आणि आमच्या घरात कोणालाच कधी काही ठरवावं लागलं नाही. आता लिहिताना वाटतं, माझं गप्प बसणं तिथेच सुरू झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर शिवारात जायचो. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा. हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी बाजू घेणार नाही. सळई तिरपीच का सारता, इथे कुठला सुरुंग, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मले म्हाईत हाय जी. हाताले कुठं म्हाईत हाय?" शिशाच्या गोळ्या सापडायच्या, बोराएवढ्या, वर पांढरट साय धरलेली. काही गोल, काही चपट्या झालेल्या. एकदा त्यांनी दोन गोळ्या तळहातावर घेतल्या. "हे चपटी झाली, म्हंजे कोनाले तरी लागली, नाईतर दगडाले. अन् हे गोल हाय, म्हंजे हातातून पडली. घाबरल्या मानसाच्या हातातून लई गोळ्या पडतात गुरुजी, मी पाह्यलं हाय." नाल्याच्या पलीकडच्या थडीला, काळ्या मातीत, सगळ्या चपट्या सापडत होत्या. अलीकडच्या मुरमात सगळ्या गोल. म्हणजे अलीकडे माणसं घाईघाईत बंदुका भरत उभी होती आणि पलीकडे माणसं पडत होती. टेकडीवर, जिथे लढाई झाली असं गाव सांगायचं, तिथे त्यांनी दोन उन्हाळे घालवले. बैलांच्या नाला आणि एक मोडका विळा, एवढंच निघालं.

"गोळी महत्त्वाची नाई," ते म्हणायचे. "कुठली हाय, ते महत्त्वाचं." म्हणून ती चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा, वहीत त्याच आकड्यापुढे खडकापासूनची पावलं आणि दिशा. आणि चिठ्ठीवर भरवसा नको म्हणून सोबत माती. काळी, मुरूम, की जुन्या गावठाणाची पांढरी. कोणी खोटं म्हणालाच तर माती बोलेल, हा त्यांचा हिशेब. शंभराच्या वर पुरचुंड्या त्यांनी एका पोत्यात रचून ठेवल्या होत्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे त्यांनी मला एका दुपारी नाल्याकाठी सांगितलं. पलीकडच्या थडीला, घाणेरीच्या झुडपांत, सात दगड ओळीने उभे आहेत. पूर्वी हवालदारांच्या वाड्यातले लोक वर्षातून एकदा त्यांना शेंदूर लावून नैवेद्य दाखवायचे. धर्मांतर झाल्यावर ते बंद झालं. "पूजा सोडली ते बरंच केलं," ते म्हणाले, "पन आठवन काहाले सोडाव? आमच्या म्हाताऱ्या सांगत, हे आपले सात. पुढं उभं केलं त्याइले, अन् थेच पडले." कोणाच्या बाजूने लढत होते, मी विचारलं. "ज्यानं उभं केलं त्याच्या बाजूनं. शिपायाले दुसरी बाजू असते का?" मग हवालदार म्हणाले, "गावात देवराव पाटलाच्या पूर्वजाचं नाव हाय, घोड्याचं बी नाव हाय. ह्या सातांचं नाई. नावं तं मले बी म्हाईत नाई. पन इथं पडले, एवढं तरी लिवा."

त्यानंतर वर्षभरात गावात स्मारकाची टूम निघाली. समिती झाली, देवराव पाटील अध्यक्ष, मी चिटणीस. शिकलेला माणूस म्हणून मी, दुसरं काय. पाटील वाईट माणूस नव्हता. त्याला आपला पूर्वज टेकडीवर हवा होता, कारण टेकडी सडकेला लागून होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दगड दिसला असता. नाल्यावर कोण मरायला जाणार? बैठकीत मी हवालदारांच्या पुरचुंड्यांचा विषय काढला. थोडी कुजबुज झाली. शेवटी ठरलं की पुण्याहून एक जाणकार संशोधक बोलवायचे, त्यांनी सगळं पाहून जागा सांगायची, आणि ते सांगतील तिथे दगड बसवायचा. हे मी जमवून आणलं. पत्र मी लिहिलं, सुंदर अक्षरात. हवालदारांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आता तुमच्या हाती हाय गुरुजी," असं ते म्हणाले. असली वाक्यं माणसं सहज बोलून जातात.

पुण्याचे साहेब ज्या दिवशी यायचे त्याच्या दोन दिवस आधी हवालदारांना सुलतानपूरला बहिणीकडे लग्नाला जावं लागलं. घर दिवसभर उघडं राहणार, पोरंटोरं पोत्याला हात लावतील, म्हणून त्यांनी पोतं शाळेच्या कपाटात आणून ठेवलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. साहेब येणार त्या दिवशी सकाळच्या गाडीने परत येतो म्हणाले. बाकी काही सांगितलं नाही. सांगायचं ते आधीच दहादा सांगून झालं होतं.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी कपाट उघडलं. उद्या सगळं नीट मांडलेलं हवं, एवढंच डोक्यात होतं. पोतं जमिनीवर सोडलं तर मातकट, कळकट फडक्यांचा ढीग... कुठे जुन्या लुगड्याचा तुकडा, कुठे सदऱ्याची बाही. आणि मला शरम वाटली. पुण्याचा माणूस येणार, त्याच्यापुढे हे ठेवायचं? आमच्या घरी लग्नकार्याच्या आधी देवाचे टाक चिंचेने घासतात. दसऱ्याला घासतात, पाहुणे यायचे असले की पितळ्या घासतात. काळवंडलेली वस्तू मानाच्या माणसापुढे ठेवणं म्हणजे त्याचा आणि वस्तूचा, दोघांचा अपमान, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं. मी घरून चिंच आणली, चुलीतली राख आणली, काथ्या आणला. घंगाळात पाणी घेतलं. एकेक पुरचुंडी सोडत गेलो आणि घासत गेलो. गोळ्यांवरची पांढरी साय निघाली, खाली शिसं निळसर चमकलं. नालांचा गंज गेला. एका बाणाच्या टोकाला तर अशी धार दिसली की मला स्वतःचा अभिमान वाटला. चिठ्ठ्या ओल्या होऊन लगदा झाल्या, फडक्यांबरोबर त्या उकिरड्यावर गेल्या. माती शाळेच्या तुळशीला घातली, चांगली काळी माती होती. चार तास मी खपलो. कोणी म्हणेल, एकदाही आठवलं नाही? आठवलं. खोटं कशाला बोलू... निम्म्याच्या आसपास आलो तेव्हा एक चिठ्ठी बोटाला चिकटली, त्यावर बेचाळीस आकडा होता. क्षणभर हात थांबला. मग मनात आलं, वही आहे की त्यांच्याजवळ. आणि मी पुढची पुरचुंडी सोडली.

वही होतीच. वहीत बेचाळीस आकड्यापुढे पावलंही होती. फक्त त्या चकचकीत ढिगातली बेचाळिसावी गोळी कोणती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

सकाळी शाळेत समिती जमली. मोठ्या परातीत पांढरं धोतर अंथरून मी सगळं मांडलं होतं, गोळ्या एकीकडे, नाला एकीकडे, बाणांची टोकं मध्ये फुलासारखी. हवालदार गाडीतून उतरून थेट आले, इस्त्रीचा खाकी सदरा, छातीवर पदकांची फीत, काखेत वही. परातीपाशी आले आणि उभे राहिले. मी हसून म्हणालो, "कसं वाटतं?" त्यांची नजर परातीवरून कपाटाकडे गेली, कपाट रिकामं होतं. मग ती माझ्यावर आली. मला तेव्हा कळलं. असं नाही की हळूहळू कळलं, एकदमच कळलं, जिना उतरताना शेवटची पायरी नसते तसं.

साहेब आले. भला माणूस होता, उन्हातून आला होता, तरी आधी पाणी न मागता परातीपाशी बसला. एकेक वस्तू भिंगातून पाहिली. "फार उत्तम," ते म्हणाले. मग एक चपटी गोळी उचलून विचारलं, "ही कुठे सापडली?" सगळे हवालदारांकडे पाहू लागले. त्यांनी वही उघडली, पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पाटलाने घसा खाकरला. "सांगता येत नाई, साहेब," हवालदार म्हणाले.

"आणि ही?"

"थे बी नाई."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "तुमची वही आहे ना? तीत काय आहे?" त्यांनी वही पुढे केली. साहेबांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले की नोंदी चांगल्या आहेत, पण वस्तूंवर खूण नसेल तर ह्या नोंदी कशाच्या आहेत हे मी कसं सांगू? योग्यच बोलले. मागून कोणीतरी म्हणालं की जालन्याच्या भंगारवाल्याकडून आणलं असेल सारं, त्याशिवाय एवढं कोरं कसं? हशा झाला. हवालदारांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं, ह्या मास्तराने धुतलं म्हणून. ते बोलले नाहीत. मी पाच पावलांवर उभा होतो, मलाही तेच वाक्य बोलायचं होतं. चिटणीस होतो, हातात इतिवृत्ताची वही होती. मी त्या वहीत लिहिलं, वस्तूंचे स्थान सिद्ध होऊ शकले नाही. माझं अक्षर तेव्हाही सुंदर होतं.

साहेब गेल्यावर मी नाल्यावर गेलो, ते तिथे असणार हे ठाऊक होतं. खडकावर बसले होते. मी म्हणालो, हवालदार, मला माफ करा, मी चांगल्या मनाने केलं. "चांगल्या मनानंच केलं तुमी," ते म्हणाले. "थेच तं. वाईट मनानं केलं असतं तं मी बोललो असतो ना तिथं." मी म्हणालो, उद्या मी पाटलाला सांगतो, साहेबांना पत्र लिहितो. ते म्हणाले, लिवा. मी लिहिलं नाही. चार दिवस मायना लिहून फाडत राहिलो. पाटलाला सांगितलं तर मास्तर मूर्ख ठरणार होता, साहेबांना लिहिलं तर मूर्ख मास्तराचं गाव ठरणार होतं, आणि न लिहिलं तर फक्त किसन हवालदार लबाड ठरणार होता. गावाला ते आधीपासूनच वाटत होतं, त्यात नवं काही नव्हतं. मी असा विचार केला. अगदी ह्याच शब्दांत केला नसेल, पण केला.

टेकडीवर दगड बसला. समारंभाला मी प्रास्ताविक केलं. हवालदार आले नाहीत, वाड्यातलं कोणीच आलं नाही. पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली आणि जिल्ह्याच्या ह्या टोकाला येऊन पडलो. आईची तब्येत हे कारण अर्जात दिलं. त्यानंतर हवालदारांची माझी गाठ एकदाच पडली, देऊळगाव राजाच्या स्टॅन्डवर, बालाजीच्या यात्रेच्या गर्दीत. ते थकलेले दिसले. "बरं हाय ना गुरुजी? माय कशी हाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो बरी आहे. कानपेटीचं विचारलं तर म्हणाले, बॅटऱ्या भेटत नाईत, माळ्यावर टाकली. मग गाडी लागली. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे सांगितलं पाहिजे. शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. तो माणूस माझ्या आईची तब्येत विचारत होता. आजही त्यांच्यावरचा तो राग पुरता गेलेला नाही. इतकं सभ्य वागून एखाद्याला आठ वर्षं शिक्षा देता येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

म्हणून आता स्पष्ट लिहितो. त्या परातीतल्या वस्तू भंगारातल्या नव्हत्या. हवालदारांनी सात वर्षं उन्हात पायपीट करून त्या काढल्या, प्रत्येकीची जागा लिहून ठेवली, आणि ती खूण मी, त्या गावचा तेव्हाचा मास्तर आणि समितीचा चिटणीस, चिंच-राखेने धुऊन टाकली. विचारल्यावर ते गप्प बसले ते मला वाचवण्यासाठी. मी गप्प बसलो तोही मला वाचवण्यासाठीच. टेकडीवरचा दगड चुकीच्या जागी आहे. ज्यांनी त्यांना लबाड म्हटलं त्यांच्यापैकी निम्मे अजून हयात आहेत, त्यांनी हे वाचावं, आणि वाचता येत नसेल त्यांना कोणीतरी वाचून दाखवावं.

कार्ड आल्यावर पंधरा दिवसांनी मी गेलो. वाड्यातल्या त्यांच्या घरी मी इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो, तेच नेहमी आमच्याकडे यायचे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची, खाली खाटेवर त्यांचा घडी केलेला खाकी सदरा. त्यांच्या पत्नी सरूबाई वहिनी खाली बसल्या होत्या, मुलगा दाराशी उभा होता. मी तोंडाने काहीतरी बोललो, अशा वेळी बोलतात तसं. वहिनी ऐकत होत्या. मग त्या उठल्या आणि खाटेखालून लष्करी पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली. झाकण उघडलं. आत पुरचुंड्या होत्या, ओळीने, थरावर थर. तीच फडकी, तसेच जुन्या लुगड्यांचे तुकडे, पण प्रत्येकीचं तोंड आता दोऱ्याने शिवून टाकलेलं आणि चिठ्ठी बाहेरच्या अंगाला टाचलेली.

"कानपेटी तर बंद पडली होती ना?" मी विचारलं.

"मशीन काहाले लागते?" वहिनी म्हणाल्या. "नांगरट झाली का जायचे. पयला पाऊस पडला का माती बसते अन् गोळ्या उघड्या पडतात. खाली मान घालून हिंडायचे दिसभर. लोक म्हनत, येडा झाला किसन्या. आठ वर्सं गेले जी, एक पाळी नाई चुकवली."

आठ वर्षं. मला जी शिक्षा वाटत होती, त्या आठ वर्षांत ह्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली होती. मला वाटत होतं ते मला गप्प राहून मारताहेत. त्यांना माझी आठवण काढायला वेळ तरी होता का कोण जाणे. मी पुढे सरकलो आणि पेटीकडे हात नेला. वहिनींनी झाकणावर तळहात ठेवला. रागाने नाही.

"थे सांगून गेले," त्या म्हणाल्या. "म्हने, गुरुजी येतीन. पुन्याच्या साहेबाले पत्र लिवाचं त्याइले म्हाईत हाय, अक्षर चांगलं हाय त्याइचं. त्याइले सारं दाखव म्हने, वही बी दाखव." त्या थांबल्या. मुलाने दाराशी मान फिरवली. "पन हाती देऊ नोको म्हने."

मी हात मागे घेतला. मुलाने दौत आणि कोरे कागद आणून माझ्यापुढे ठेवले, वही उघडून ठेवली. वहिनी सुई घेऊन एकेका पुरचुंडीची शिवण उसवत, उघडून माझ्या डोळ्यांपुढे धरत, आकडा मोठ्याने वाचत आणि पुन्हा शिवून टाकत. शाळा शिकल्या नव्हत्या, आकडे त्यांना हवालदारांनी ह्याच कामासाठी शिकवले असावेत. काळ्या मातीत चपटी गोळी, मुरमात गोल गोळी, पुन्हा काळी, पुन्हा चपटी. एकदा माती थोडी सांडली तर त्यांनी ती बोटाने टिपून परत आत घातली. मी एकेक आकडा कागदावर उतरवत होतो, आणि जेव्हा लिहायचं नसे तेव्हा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत होतो.